फिट्झजेराल्ड यांचा क्लेअरमधला पराभव: पार्श्वभूमी

जून 1828 मध्ये विल्यम व्हीझी फिट्झजेराल्ड यांना लंडनमध्ये व्यापार मंडळाचे अध्यक्षपद मिळाले आणि त्यामुळेच त्यांची ब्रिटिश संसदेतली आयर्लंडमधल्या क्लेअर काउंटीची (जिल्ह्याची) जागा रिकामी झाली. सरकारातले पगारी पद घेणाऱ्या खासदाराला तेव्हा पुन्हा मतदारांपुढे जावे लागे. एरवी हा उपचारच ठरे. फिट्झजेराल्ड 1818 पासून क्लेअरचे प्रतिनिधी होते, त्याआधी आयर्लंडचा खजिना त्यांनी सांभाळला होता, आणि स्वतः प्रोटेस्टंट असून कॅथॉलिकांच्या हक्कांच्या बाजूचे होते.

कॅथॉलिकाने निवडणूक लढवायला बंदी नव्हती. अडथळा होता तो सभागृहातल्या शपथेचा, कारण त्यासाठी मास (कॅथॉलिकांचा मुख्य उपासनाविधी) ही मूर्तिपूजा आहे असे जाहीर करावे लागे. आयर्लंडचे कॅथॉलिक पुढारी डॅनियल ओ'कॉनेल यांनी नेमका याचाच फायदा घेतला आणि ते फिट्झजेराल्ड यांच्याविरुद्ध उभे राहिले. मते पडली ओ'कॉनेल यांना 2057, फिट्झजेराल्ड यांना 982.

हा निकाल लावला चाळीस शिलिंगवाल्या कुळांनी. बहुतेकांकडे मालकीची जमीन नव्हती. ठरावीक माणसे हयात असेपर्यंत चालणारा पट्टा होता, आणि असा पट्टा कायद्याने फ्रीहोल्ड, म्हणजे मालकीसारखा हक्क, धरला जाई. खंड वजा जाता जमीन वर्षाला 40 शिलिंगांची आहे अशी शपथ घेतली की मत मिळे. 1793 मध्ये कॅथॉलिकांना मताधिकार मिळाल्यावर जमीनदारांनी जमिनीचे तुकडे पाडून असे मतदार वाढवले. मतदान उघड असे, आणि सहा महिन्यांचा खंड थकीत ठेवण्याची रूढी होती. मत विरोधात गेले की जमीनदार तीच थकबाकी एकदम मागू शके. एवढे ठाऊक असूनही ही कुळे ओ'कॉनेल यांच्या बाजूने उभी राहिली.

त्याची किंमत त्यांनीच मोजली. 1829 मध्ये कॅथॉलिकांना संसद खुली झाली आणि त्याच अधिवेशनात आयर्लंडच्या काउंट्यांत मताची पात्रता 40 शिलिंगांवरून 10 पौंडांवर (पौंडाला 20 शिलिंग), म्हणजे पाचपट गेली. दोन लाखांवर असलेले मतदार सुमारे 37 हजार उरले. पट्टे फुगवून दिले जातात, शपथा खोट्या असतात, हा सरकारचा युक्तिवाद निराधार नव्हता. पण जमीनदारांच्या सांगण्याप्रमाणे मते पडत होती तोवर या खोट्या शपथांचे कोणाला वावडे नव्हते. कॅथॉलिकांच्या हक्कांच्या बदल्यात या कुळांचा मताधिकार सोडायचा, असा सौदा ओ'कॉनेल यांनी 1825 मध्येच मान्य केला होता. 1829 मध्येही त्यांचा विरोध तोंडदेखलाच राहिला. मत गेल्यावर छोट्या कुळाला जमिनीवर ठेवण्यात जमीनदाराचा राजकीय लाभ उरला नाही.

फिट्झजेराल्ड यांना मात्र 1829 मध्येच कॉर्नवॉलमधल्या न्यूपोर्टची जागा मिळाली. 1841 मध्ये ते हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या लंडनच्या नियंत्रण मंडळाचे अध्यक्ष झाले. अफगाण युद्धातली पीछेहाट आणि सिंधचे विलीनीकरण याच काळातले. पदावर असतानाच मे 1843 मध्ये त्यांचे निधन झाले.