विद्युत सुरक्षा नियमांतील दाब-मर्यादा

विद्युत उपकरणांच्या सुरक्षा नियमांत 'इतक्या व्होल्टपासून इतक्या व्होल्टपर्यंत' अशी जी मर्यादा दिलेली असते, ती बहुधा तो नियम कोणत्या वस्तूला लागू आहे एवढेच ठरवते. मर्यादेखालची वस्तू निर्धोक असते, असा तिचा अर्थ नाही. नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत स्विचगिअर (वीज जोडण्या-तोडण्याची साधने) व ती बसवलेली वीज-पॅनेल बनतात. तिथे हा फरक रोजच्या कामाचा आहे.

युरोपीय संघाचा २०१४/३५ क्रमांकाचा लो व्होल्टेज निर्देश (कायदेशीर नियमावली) ५० ते १००० व्होल्ट एसी आणि ७५ ते १५०० व्होल्ट डीसी उपकरणांना लागू होतो. इथे धरायचा तो उपकरणात येणाऱ्या किंवा त्यातून बाहेर जाणाऱ्या विजेचा, नेमप्लेटवरचा दाब (व्होल्टेज). आतल्या सर्किटमध्ये तयार होणारा दाब धरत नाहीत. डास मारायची रॅकेट घ्या. तिच्या जाळीवर शेकडो व्होल्ट असतात, तडतड होते ती त्यानेच. तरी सुट्या सेलवर चालणारी रॅकेट या निर्देशाबाहेर राहते. मुठीतून दोन पिना बाहेर ओढून तीच थेट सॉकेटमध्ये खोचता येत असेल, तर येणारा दाब २३० व्होल्ट झाला आणि ती निर्देशात आली. बाहेर राहिलेल्या ग्राहकोपयोगी वस्तूही मोकळ्या सुटत नाहीत. त्यांना सर्वसाधारण उत्पादन सुरक्षेचे नियम लागतात.

शब्दांचा घोळ आकड्यांपेक्षा मोठा आहे. आता रद्द झालेल्या भारतीय विद्युत नियम, १९५६ प्रमाणे 'लो' म्हणजे २५० व्होल्टपर्यंत, 'मीडियम' ६५० पर्यंत आणि 'हाय' ३३,००० पर्यंत असे. म्हणजे विहिरीवरची ४१५ व्होल्टची थ्री-फेज मोटर त्या नियमांत मीडियम, युरोपच्या हिशेबात लो. उलट ११ केव्हीच्या (११,००० व्होल्टच्या) ब्रेकरला त्या नियमांत हाय म्हटले होते, पण कारखान्यात सगळे त्याला मीडियम व्होल्टेजच म्हणतात. म्हणून करारात नुसते 'एलटी' (लो टेन्शन, म्हणजे कमी दाब) लिहून भागत नाही, आकडा लिहावाच.

कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचच्या) पाटीवर तर तीन आकडे एकाखाली एक असतात: ४१५ व्होल्ट, ६९० व्होल्ट, ८ केव्ही. पहिला चालवण्याचा दाब, दुसरा इन्सुलेशनचा, तिसरा क्षणिक झटका सोसण्याचा. ६९० वाचून कॉन्टॅक्टर ६९० व्होल्टला जोडणे ही घातक चूक आहे.

सौरपंपाच्या बाबतीत मर्यादा हवामानाशीही ताडून पाहावी लागते. सौर पॅनेलवर छापलेला खुला दाब, म्हणजे काहीही न जोडता मिळणारा दाब, २५ अंश सेल्सिअसचा असतो. थंडी वाढली की तो वाढतो, स्थूलमानाने दर अंशाला ०.३ टक्के. निफाडमध्ये द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायची वेळ येते, अशा ५ अंशांच्या सकाळी ७६० व्होल्टची माळ (एकापुढे एक जोडलेली पॅनेल) ८०५ च्या घरात जाते. पंपाच्या कंट्रोलरची मर्यादा ८०० असेल, तर उन्हाळ्यात सुरळीत चाललेली जोडणी त्या सकाळी मर्यादा ओलांडते. त्यामुळे माळेत किती पॅनेल लावायचे, हे त्या गावच्या सर्वांत थंड सकाळवरून ठरवतात.