नजर शाबूत, डावी बाजू गायब

पक्षाघातातून उठलेल्या माणसाचा हात चालू लागला, डोळ्यांचा नंबर ठीक आला, की घरचे म्हणतात, आता गाडी चालवायला हरकत नाही. हा समज धोक्याचा आहे. स्टिअरिंग हात फिरवतात, पण लक्ष कुठे द्यायचं ते मेंदू ठरवतो आणि तिथला बिघाड वरून दिसत नाही.

ऑस्ट्रेलियात हा बिघाड हुडकण्यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टना, म्हणजे व्यवसायोपचार तज्ज्ञांना, पदवीनंतर वेगळं प्रशिक्षण देतात. तपासणी आधी खोलीत होते, मग रस्त्यावर. खोलीत दृष्टी, मानेची हालचाल, पायातली ताकद आणि ब्रेकवर पाय जायला लागणारा वेळ बघतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. पाय अर्धा सेकंद उशिरा पडला, तर तेवढ्यात ती ८ मीटर पुढे गेलेली असते.

हे मोजणं सोपं. शिकाऊ परीक्षकाचा कस लागतो तो ‘डावीकडचं दुर्लक्ष’ ओळखताना. याचं प्रचलित स्पष्टीकरण असं, की मेंदूचा उजवा अर्धा भाग दोन्ही बाजूंवर लक्ष ठेवतो, डावा मुख्यतः उजवीकडेच. डाव्या भागाला इजा झाली तर उजवा सांभाळून घेतो. उजव्याला झाली, तर डावीकडे लक्ष देणारं कुणी उरत नाही. डोळा बघतो, पण मेंदू दखल घेत नाही. ज्याचं अर्धं दृष्टिक्षेत्रच गेलंय, तो मान वळवून ती उणीव काही अंशी भरून काढायला शिकू शकतो. दुर्लक्षाच्या रुग्णाला मात्र काही हरवलंय याचाच पत्ता नसतो.

थेरपिस्ट समोर बसतो, आपल्या नाकाकडे बघायला सांगतो आणि दोन्ही हात बाजूंना धरून बोट हलवतो. रुग्णाच्या डावीकडचं एकटं हललं, तर ‘दिसलं’. उजवीकडचं एकटं हललं, तरी ‘दिसलं’. दोन्ही एकदम हलवली, की रुग्ण सांगतो, ‘उजवीकडचं हललं.’ बस्स! नवखे परीक्षक पहिल्या दोन उत्तरांवर थांबतात आणि तिथेच फसतात, कारण रस्त्यावर दोन्ही बाजूंना एकाच वेळी काहीतरी हलत असतं. कागदावर विखुरलेल्या ३५ घंटा शोधायच्या चाचणीतही किती सापडल्या एवढंच मोजून भागत नाही. पहिली खूण कुठे पडली ते बघायचं. आयुष्यभर डावीकडून वाचत आलेला माणूस उजव्या कडेने सुरुवात करत असेल, तर सावध व्हावं.

मोबाइलवर ‘मेंदूचे व्यायाम’ विकणारी ॲप्स दहा मिनिटांत गुण देतात. त्यांच्या भरवशावर किल्ली हातात देऊ नये.

रस्त्यावर दुहेरी ब्रेकची गाडी असते. पुढे डावीकडे ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर, त्याच्या मागे थेरपिस्ट. शांत गल्लीतून सुरुवात करून राउंडअबाउट, लेन बदलणं इथवर साधारण तासभर. तिथेही आपल्यासारखीच वाहतूक डावीकडून चालते, त्यामुळे दुर्लक्षाच्या रुग्णाची गाडी डावीकडे उभ्या मोटारींच्या आरशांना घासू लागते. इन्स्ट्रक्टरचा प्रत्येक शब्द, प्रत्येक ब्रेक नोंदवावा लागतो. वळणाआधी त्याने नकळत डावीकडे मान वळवली तरी चालकाला इशारा मिळतो आणि दोष झाकला जातो. इंडिकेटर न देणं ही जुनी सवय असू शकते. सांगूनही गाडी पुन्हापुन्हा डावीकडे सरकणं ही सवय नव्हे.

निकाल नेहमी हो किंवा नाही एवढाच नसतो. फक्त दिवसा, घरापासून ठरावीक अंतरात, ऑटोमॅटिक गिअरचीच गाडी, अशा अटी घालता येतात.

आपल्याकडे चाळिशीनंतर लायसन्ससाठी डॉक्टरांनी भरलेला फॉर्म १-ए लागतो. त्यात रस्त्यावर सोबत बसून बघण्याची पायरी नाही. खरं तर व्यवसायोपचाराचं शिक्षण मुंबईच्या केईएममध्ये १९५० पासून आहे, हे काम शिकवायला पाया तयार आहे. तशी सोय होईतोवर घरच्यांनी रुग्णाचं ताट बघावं. भात-भाजी संपली आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर रोजच तशीच राहत असेल, तर गाडीची किल्ली देण्याआधी थेरपिस्टला गाठावं.