लाड कारंजा पायी फिरायचं तर आधी हे माहीत पाहिजे: चार वेशी, बाजार आणि मागचा इतिहास

वाशिम जिल्ह्यातल्या लाड कारंज्याला बाहेरून येणारे बहुतेक लोक गुरुमंदिरात, म्हणजे दत्ताचा अवतार मानलेल्या नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी, दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि गाडीत बसून शेगाव नाहीतर माहूरच्या रस्त्याला लागतात. गाव बघतच नाहीत. आता जुनं कारंजा पायी फिरायला एकदम सोपं आहे, चढ नाही, घाट नाही, सकाळी चहा-आलूबोंडा खाऊन निघालं की उन्हं तापायच्या आत मंदिरं, जुने वाडे, सराफा, भांड्यांची-कापडाची दुकानं आणि वेशी असं सगळं आरामात होतं. पण मागचं काही माहीत नसेल तर ते नुसतं गल्लीबोळ वाटतं, म्हणून हे लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच की या गावात जुन्या वास्तू वेगळ्या आणि बाजार वेगळा असं काढताच येत नाही. इथं कुठला राजा राहत नव्हता, किल्ला नाही, राजवाडा नाही. जे काही बघण्यासारखं उभं आहे त्यातलं बरंचसं व्यापाऱ्याच्या गल्ल्यातल्या पैशातून उभं राहिलंय, देवळं धरून. आणि व्यापार ज्या रस्त्याने आला त्या बाजूला बाजार सरकत गेला, आधी वेशीजवळ, मग रेल्वेच्या स्टेशनाकडे, मग एसटी स्टँड आणि डांबरी रोडकडे. पायी फिरताना हे सरकणं पायाखाली कळतं, गाडीतून कळत नाही.

नावाची गोष्ट आधी उरकून टाकू. करंज नावाचे एक ऋषी होते, त्यांना मोठा आजार झाला, त्यांनी अंबेची आराधना केली आणि देवीने त्यांच्यासाठी तलाव निर्माण केला, त्यात आंघोळ करून ते बरे झाले, अशी जुनी कथा आहे आणि ऋषी तलाव गावात आजही दाखवतात. पुढे लाड व्यापाऱ्यांच्या वस्तीवरून लाड कारंजा झालं असं सांगतात. मधल्या काळात याला बीबीचं कारंजा पण म्हणायचे, अहमदनगरच्या सुलतानाने हे गाव मुलीला आंदण दिलं होतं म्हणून. आंदणात अख्खं गाव देतात म्हणजे त्या गावातून पैसा येत असणार हे उघड आहे, ओसाड गाव कोण देईल लेकीला.

आता वेशी. कारंज्याला तटबंदी होती आणि चार वेशी: दिल्ली वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस आणि दारव्हा वेस. (पोहा म्हणजे खायचे पोहे नाही, तालुक्यातलं गाव आहे.) नावं नीट बघा. यातल्या तीन वेशी बाजूच्या गावांच्या, म्हणजे रोजच्या बैलगाडीच्या, धान्य-कापूस-गुरं घेऊन येणाऱ्या कास्तकाराच्या वाटेच्या, आणि एक मात्र थेट दिल्लीची. वऱ्हाड १५९६ च्या सुमारास मोगलांकडे गेलं आणि उत्तरेकडचा रस्ता हा सरकारी आणि मोठ्या मालाचा रस्ता झाला, बऱ्हाणपूरकडून येणारा. तेव्हाचा माल ट्रकने नाही, बैलांच्या पाठीवर जायचा, बंजाऱ्यांचे तांडेच्या तांडे मीठ आणि धान्य लादून फिरायचे, आणि आज वाशिम-यवतमाळ पट्ट्यात बंजारा समाजाची एवढी मोठी वस्ती आहे, शेजारच्या मानोरा तालुक्यात त्यांचं पोहरादेवी हे तीर्थक्षेत्र आहे, ते काही उगाच नाही. वेस म्हणजे नुसती कमान नव्हे, ती रात्री बंद व्हायची, आत येणाऱ्या मालावर नजर ठेवायची जागा ती. म्हणून बाजार वेशीच्या आत धरून वाढला आणि घरं पण तशीच, खाली ओटा आणि दुकान, मागे किंवा वर राहणं.

तटाच्या आत एवढा पैसा साठला की तो लपत नाही. १६७० साल. शिवाजी महाराजांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरत दुसऱ्यांदा लुटली, परत येताना वणी-दिंडोरीला मोगलांशी मोठी लढाई झाली ती जिंकली, आणि एवढ्यावर थांबतील असं मोगलांना वाटलं असेल तर ते वर्षाच्या शेवटी एकदम वऱ्हाडात, कारंज्यावर. कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं कारण मराठे इतक्या आत वऱ्हाडात आलेच नव्हते तोवर. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी दिलेला हिशोब असा आहे की सोनं, चांदी, उंची कापड मिळून एक कोटीचा माल निघाला आणि तो न्यायला चार हजार बैल आणि गाढवं लागली. चार हजार जनावरं! आजच्या गल्ल्यांच्या रुंदीत ती रांग डोळ्यापुढे आणून बघा, दिल्ली वेशीपासून शेवटचं जनावर निघेस्तोवर पहिलं कुठल्या कुठे गेलं असेल. गावातले सगळे बडे सावकार पकडून नेले, खंडणी वसूल करायला. त्यातला सगळ्यात मोठा सावकार तेवढा सुटला, बाईचं लुगडं नेसून. मराठे बायकांना हात लावणार नाहीत हे त्याला पक्कं माहीत होतं म्हणजे, आणि ही गोष्ट लुटीच्या आकड्यापेक्षा जास्त सांगून जाते असं मला वाटतं. शिवाय कारंजा आणि नंदुरबार भागातून पुढे चौथाई देऊ असं लेखी लिहून घेतलं गेलं, म्हणजे हा नुसता एका दिवसाचा छापा नव्हता, पुढच्या उत्पन्नाची सोय होती.

बाहेरचे लोक कारंज्याची लूट म्हटलं की तिथंच थांबतात. मला उलट वाटतं की लुटीच्या आधीचा प्रश्न मोठा आहे, एका गावठाणात कोटीचा माल आला कुठून. कापूस आणि कापड हे एक उत्तर, सावकारी हे दुसरं. आणि ही श्रीमंती गावाच्या आठवणीत कशी बसलीय ते बघायचं तर कस्तुरीची हवेली. गोष्ट अशी सांगतात की एक व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून गावोगाव फिरला, पण एवढी कस्तुरी एकरकमी घेणारा कोणी भेटेना. कारंज्यात लेकूर संघई नावाच्या सावकाराच्या हवेलीचं बांधकाम चालू होतं. त्याने सगळा माल विकत घेतला आणि गवंड्याला सांगितलं, टाक चुन्यात. चुना मळायच्या घाण्यात कस्तुरी मळून भिंती उभ्या केल्या म्हणे, आणि पैसे मोजले अकबरी नाण्यात. आता हे जसंच्या तसं खरं धरायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण भिंतीला नाक लावून बघणारे पाहुणे मात्र लय असतात. इतिहास म्हणून या गोष्टीचा उपयोग वेगळाच आहे. दुसऱ्या गावांच्या दंतकथेत राक्षस मारतात नाहीतर किल्ला जिंकतात, इथल्या दंतकथेत एका सौद्याचं कौतुक आहे, गिऱ्हाईक न मिळालेल्या मालाचा सौदा एका झटक्यात करणारा माणूस हा इथला हीरो.

आता जैन मंदिरं, आणि इथं घाई करू नका. कारंज्यात दिगंबर जैनांची तीन जुनी मंदिरं आहेत, सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ, म्हणजे साधूंच्या तीन वेगवेगळ्या परंपरांची तीन. भट्टारकांची, म्हणजे जैन धर्मगुरूंची, पीठं इथं होती आणि बघेरवाल व्यापारी घराणी त्यांच्या मागे उभी. कोरीवकाम बघायला लोक जातात, ते चांगलंच आहे, पण या मंदिरांची खरी दौलत होती पोथ्या. कापडात बांधलेल्या, दोन बाजूंना फळ्या लावून दोरीने आवळलेल्या, संस्कृत, प्राकृत आणि अपभ्रंश भाषेतल्या. शेकडो वर्षं ज्या पोथ्या व्यापाऱ्यांनी पुण्य म्हणून नकलून घेतल्या आणि मंदिरात ठेवल्या, त्यांची यादी मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या हस्तलिखितांच्या सूचीत १९२६ ला छापली गेली, ती रायबहादूर हिरालाल यांनी केलेली. मग दुसरे हिरालाल, म्हणजे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणारे प्रोफेसर हिरालाल जैन, ते या पोथ्यांच्या मागेच लागले. (दोन हिरालालांची लोक नेहमी गल्लत करतात.)

झालं असं की अपभ्रंश, म्हणजे प्राकृत आणि आजच्या भाषा यांच्या मधल्या भाषेतलं मोठं साहित्य तोवर छापलेलं जवळपास नव्हतंच. पुष्पदंत हा दहाव्या शतकातला कवी, राष्ट्रकूट राजांच्या राजधानीत, मान्यखेटला लिहिणारा, त्याचं जसहरचरिउ हे काव्य प. ल. वैद्यांनी संपादित केलं आणि ते १९३१ ला कारंज्यातून निघालेल्या अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमालेत आलं, पाठोपाठ हिरालाल जैनांनी करकंडचरिउ वगैरे काढले. मराठी, गुजराती, हिंदी या भाषा कशा घडल्या हे शोधणाऱ्याला अपभ्रंश टाळून चालत नाही, म्हणजे आपल्या भाषेच्या अभ्यासातला एक मोठा धागा या बाजारगल्लीतल्या कपाटांतून निघालाय. मंदिरातलं पोथ्यांचं भंडार काही म्युझियम नाही, कधीही जाऊन उघडा म्हणता येत नाही, मंदिरातल्या लोकांना आधी विचारायचं, दाखवले तर बघायचे, नाही तर देऊळ बघून पुढे. गावातच महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल १९१८ ला सुरू झालं, ते पण याच परंपरेतलं.

गुरुमंदिराबद्दल सगळ्यांना माहीतच असतं म्हणून थोडक्यात. नृसिंह सरस्वतींचा जन्म इथला, १३७८ च्या सुमाराचा मानतात, आईचं नाव अंबाभवानी, वडील माधव, आणि मुंज होईपर्यंत पोर ॐ शिवाय काही बोललं नाही अशी कथा गुरुचरित्रात आहे. पुढे ते काशीला गेले, मग औदुंबर, नरसोबाची वाडी, गाणगापूर. आता गंमत अशी की दत्तभक्तांना गाणगापूर आणि वाडी पाठ, पण जन्मगाव नेमकं कोणतं कारंजा हे बराच काळ मागे पडलेलं, ते टेंबे स्वामींनी, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींनी, लोकांच्या नजरेत आणून दिलं, आणि मंदिर झालं १९३४ ला. म्हणजे आज गावाची ओळख ज्या मंदिरामुळे आहे ते गावातल्या जुन्या गोष्टींमध्ये सगळ्यात नवं म्हणायला हरकत नाही. पण त्याने बाजाराला नवा धंदा दिला, फुलं, पेढे, प्रसाद, लॉज, ऑटो.

आणि कापूस. वऱ्हाड १८५३ ला निजामाकडून इंग्रजांच्या हातात आलं, त्यांना पाहिजे होता कापूस. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ ला नागपूरला पोचली पण ती गेली मूर्तिजापूर-बडनेऱ्यावरून, कारंजा बाजूला राहिलं. पुढची तीसपस्तीस वर्षं इथला कापूस बैलगाडीने मूर्तिजापूरला जायचा, पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं रुतली की झालं. मग १९०३ ला मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज आली, ११३ किलोमीटर, दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाने एक टांग टाकली की रूळ पार. तीच आपली शकुंतला. किलिक निक्सन कंपनीच्या हातातली खासगी लाइन, आणि देश स्वतंत्र झाल्यावर बाकी रेल्वे सरकारी झाली तरी हिची मालकी खासगीच राहिली. १९९४ पर्यंत कोळशाचं इंजिन ओढायचं, मँचेस्टरलाच बनलेलं, म्हणजे इंजिन तिकडचं आणि कापूस पण तिकडेच.

शकुंतला आल्यावर बाजाराने पहिल्यांदा तटाबाहेर पाय टाकला. जीन-प्रेस, सरकीची गोदामं, अडत्यांच्या गाद्या यांना मोकळी जागा लागते, रुईच्या गठाणी काही वेशीच्या आतल्या बोळातून नेता येत नाहीत. मग स्टेशनकडचा भाग वाढला आणि आतल्या पेठेत राहिला सोनं-चांदी, कापड, भांडी, किराणा असा घरगुती बाजार, जो आजही तिथंच आहे. लग्नसराईत आजूबाजूच्या खेड्यातलं अख्खं कुटुंब बस्ता बांधायला येतं आणि एकाच दुकानाच्या गादीवर दुपार काढतं, ते बघायला तरी या पेठेत थोडं थांबावं. शकुंतला मात्र गेल्या काही वर्षांपासून बंद आहे, रुळांत गवत, ब्रॉडगेज करा ही मागणी निवडणूक आली की निघते आणि गेली की जाते.

त्यानंतरचं भराभर. एसटी आली, ट्रक आले, बाजार समितीचं यार्ड आलं, कापसाच्या जोडीला तूर आणि सोयाबीन आलं. १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा वेगळा झाला आणि अकोल्याचं कारंजा वाशिमचं झालं, पण खरेदीला माणूस कुठे जातो ते काही जिल्ह्याच्या रेषेवर ठरत नाही. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, कारंज्याला इंटरचेंज मिळाला, आणि आता प्लॉटच्या पाट्या, ढाबे, शोरूम त्या बाजूला सरकायला लागलेत. बैलांचा तांडा, नॅरोगेज, एसटी, आणि आता एक्सप्रेसवे, दरवेळी रस्ता बदलला की नवा पैसा तिकडे जातो आणि जुन्या पेठेतल्या वाड्याचा मालक पडकी भिंत तशीच ठेवतो नाहीतर पाडून काँक्रीटचं कॉम्प्लेक्स बांधतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, लाकडी वाडा सांभाळायचा खर्च त्यालाच करावा लागतो, आपण नुसते फोटो काढून जातो. पण वेशीला मोटारसायकली आणि फ्लेक्सचे बॅनर टेकवायचे तरी थांबवता येईल, त्याला पैसा लागत नाही.

फिरायला हिवाळा बरा. उन्हाळ्यात दहा वाजल्यानंतर दुकानदारच ओरडतो, "कायले उन्हात फिरून रायले भाऊ, ऑटो करा ना." सुरुवात गुरुमंदिरापासून करा कारण गाड्या तिकडे लागतात, मग जुन्या वस्तीतून जैन मंदिरं, हवेली, सराफा असं करत दिल्ली वेस, आणि पायात दम असेल तर शेवटी शकुंतलेचं स्टेशन. दिवाळीनंतर कापूस निघाल्यावर आलात तर यार्डाकडचा रस्ता ट्रॅक्टर आणि मेटाडोरच्या रांगेने भरलेला असतो, कार अजिबात आत घालू नका, तिकडे पण पायीच जा.