टिल्टरोटर, हेलिकॉप्टर आणि चकतीवरचा भार

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी लष्कराने ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरांच्या जागी आणण्यासाठी बेल कंपनीच्या व्ही-२८० या टिल्टरोटर विमानाची (हेलिकॉप्टरसारखे उभे उडून मग रोटर, म्हणजे फिरती पाती, पुढे झुकवणारे विमान) निवड केली, आणि तेव्हापासून हेलिकॉप्टरचे युग संपल्याचा समज वेगाने पसरला आहे. कोल्हापुरातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांशी संरक्षणविषयक गप्पा निघाल्या की 'आपल्या सैन्याकडे हे का नाही?' हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. मात्र तो विचारताना वेग हा एकमेव निकष धरलेला असतो. जागच्या जागी हवेत तरंगणाऱ्या कोणत्याही यंत्राला आणखी एक निकष लागू पडतो, आणि हिमालयात चौक्या सांभाळणाऱ्या देशासाठी तो वेगापेक्षाही महत्त्वाचा आहे.

आधी वेगाची बाजू पाहू, कारण टिल्टरोटरचा जन्म तिच्यातूनच झाला. हेलिकॉप्टर पुढे जाऊ लागले की त्याच्या रोटरच्या एका बाजूचे पाते उड्डाणाच्या दिशेने धावते आणि दुसऱ्या बाजूचे उलट दिशेने. पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला २२० मीटर आणि हेलिकॉप्टरचा वेग सेकंदाला ८० मीटर, म्हणजे ताशी सुमारे २९० किलोमीटर असेल, तर पुढे जाणाऱ्या पात्याच्या टोकाला ३०० मीटर वेगाची हवा भेटते आणि मागे येणाऱ्या पात्याच्या टोकाला केवळ १४० मीटर वेगाची. उत्थापन, म्हणजे वर उचलणारे बल, वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ही तफावत साडेचार पटींच्या पुढे जाते. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांनी १९२३ मध्ये आपल्या ऑटोजायरोच्या (हेलिकॉप्टरच्या पूर्वसुरी यंत्राच्या) पात्यांना बिजागरी बसवून हा असमतोल आटोक्यात आणला, पण तो मुळातून नाहीसा होत नाही. वेग आणखी वाढवला की एका बाजूचे टोक ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचते आणि दुसऱ्या बाजूचे पाते उत्थापन गमावते. म्हणूनच ब्रिटनच्या वेस्टलँड लिंक्सने १९८६ मध्ये नोंदवलेला ताशी ४०० किलोमीटरचा विक्रम पारंपरिक रचनेच्या हेलिकॉप्टरांसाठी आजही टिकून आहे. टिल्टरोटर ही अडचण टाळतो. उड्डाण होताच त्याचे रोटर पुढे झुकतात आणि पंख्यांसारखे काम करू लागतात, तर वजन पंख पेलतात. २००७ मध्ये अमेरिकी मरीन दलाच्या सेवेत आलेले व्ही-२२ ऑस्प्रे यामुळेच ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने प्रवास करते, तर ब्लॅक हॉकचा प्रवासवेग २८० च्या आसपास आहे.

आता दुसरी बाजू. हवेत स्थिर राहायचे तर रोटरला दर सेकंदाला हवेचे काही वस्तुमान खाली ढकलावे लागते, आणि वस्तुमान गुणिले त्याला दिलेला वेग हा गुणाकार यंत्राच्या वजनाइतका असावा लागतो. हा गुणाकार पुष्कळ हवेला थोडा वेग देऊन साधता येतो, तसाच थोड्या हवेला पुष्कळ वेग देऊनही साधता येतो. ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गानुसार खर्च होते. हवेचे वस्तुमान निम्मे केले आणि वेग दुप्पट केला तर बल तेवढेच राहते, परंतु ऊर्जेचा खर्च दुप्पट होतो. त्यामुळे तरंगण्यासाठी मोठी आणि संथ चकती नेहमीच काटकसरीची असते. चकती म्हणजे पाती फिरताना व्यापतात ते वर्तुळ. यंत्राचे वजन भागिले चकतीचे क्षेत्रफळ या भागाकाराला डिस्क लोडिंग म्हणतात, आणि माझ्या मते या वादातले निम्मे मुद्दे याच एका आकड्यापाशी येऊन थांबतात.

ब्लॅक हॉकच्या रोटरचा व्यास १६.३६ मीटर, म्हणजे चकती सुमारे २१० चौरस मीटर. ऑस्प्रेच्या दोन रोटरांचा व्यास प्रत्येकी ११.६ मीटर, म्हणजे दोन्ही चकत्या मिळून सुमारे २११ चौरस मीटर. क्षेत्रफळ जवळजवळ तेवढेच. पण ब्लॅक हॉकचे कमाल वजन दहा टनांच्या आसपास आहे, तर उभे उड्डाण करताना ऑस्प्रेचे कमाल वजन पावणेचोवीस टनांहून थोडे अधिक. म्हणजे एकाच्या चकतीवर चौरस मीटरला सुमारे ४७ किलो भार, आणि दुसऱ्याच्या चकतीवर ११३ किलो. आपल्या ध्रुव हेलिकॉप्टरसाठी हाच आकडा ४० च्या आसपास येतो, आणि सियाचिनला रसद पोहोचवणाऱ्या जुन्या चीता हेलिकॉप्टरसाठी अवघा २०.

चकतीतून जाणाऱ्या हवेचा वेग या भाराला हवेच्या घनतेच्या दुपटीने भागून त्याचे वर्गमूळ काढले की मिळतो (भार येथे न्यूटनमध्ये घ्यावा लागतो). समुद्रसपाटीला ऑस्प्रेसाठी तो सेकंदाला सुमारे २१ मीटर येतो, ब्लॅक हॉकसाठी १४, चीतासाठी ९. आदर्श स्थितीत दर न्यूटन वजनामागे लागणारे वॉट याच आकड्याइतके असतात. किलोच्या हिशेबात सांगायचे तर ऑस्प्रेला दर किलोमागे सुमारे २१० वॉट लागतात आणि चीताला ८८. शिवाय खाली गेल्यावर ही हवा आकसते आणि तिचा वेग दुप्पट होतो. ऑस्प्रेखाली तो ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात पोहोचतो, तर ब्लॅक हॉकखाली शंभरच्या आत राहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले होते, त्या परिस्थितीत शिरोळ तालुक्यातल्या एखाद्या घराच्या छतावरून माणसे उचलायची आहेत अशी कल्पना करावी. शेजारच्या घरांचे पत्रे दीडशेच्या वाऱ्यात टिकणार नाहीत, आणि जवळ आलेली रबरी बोट उलटण्याचा धोका तर फारच मोठा आहे.

मग टिल्टरोटरला मोठी चकती का देत नाहीत? कारण तेच रोटर पुढे झुकल्यावर पंख्याचे काम करतात, आणि वेगवान विमानासाठी अवाढव्य पंखा जड आणि अकार्यक्षम ठरतो. दोन्ही रोटरांच्या मध्ये विमानाचा सांगाडा बसवायचा असतो, आणि ऑस्प्रेच्या बाबतीत जहाजाच्या डेकची रुंदीही आड आली. तरंगण्याच्या दृष्टीने लहान आणि उड्डाणाच्या दृष्टीने मोठा, अशी ही तडजोड आहे. त्यात खाली जाणारी हवा पंखावर आदळत असल्याने सुमारे दहा टक्के बल वाया जाते.

ऑस्प्रेच्या अपघातांमुळे काही जण त्याला अपशकुनी किंवा शापित विमान म्हणतात. अशी भाषा मला धोकादायक वाटते, कारण शाप म्हटले की कारण शोधण्याची गरजच उरत नाही, आणि इथे तर कारणे सापडलेली आहेत. एप्रिल २००० मध्ये ॲरिझोनातील मराना येथे १९ मरीन मृत्युमुखी पडले. ते विमान कमी वेगात फार झपाट्याने खाली येत होते आणि एका बाजूचा रोटर आपणच ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात अडकला. हेलिकॉप्टर अशा स्थितीत बहुधा सरळ खाली जाते; टिल्टरोटरचा एकच रोटर बल गमावत असल्याने तो कुशीवर उलटतो. त्यानंतर ४० नॉटपेक्षा (ताशी सुमारे ७४ किलोमीटर) कमी वेगात मिनिटाला ८०० फुटांपेक्षा जलद न उतरण्याची मर्यादा घालण्यात आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये जपानच्या याकुशिमाजवळ आठ जणांचा बळी गेला, तेव्हा डाव्या गिअरबॉक्समधले एक पिनियन, म्हणजे छोटे दातेरी चाक, तुटले होते. तेलात धातूचे कण आल्याचे इशारे चिप डिटेक्टर त्याआधी वारंवार देत होता. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम करणाऱ्याला यातला पुढचा भाग समजावून सांगावा लागणार नाही: पोलादातली इन्क्लुजन, म्हणजे आत अडकलेले अधातूचे सूक्ष्म कण, दात्यात तडा सुरू करतात. म्हणूनच या गिअरांसाठी आता तीनदा वितळवून शुद्ध केलेले पोलाद वापरण्याकडे अमेरिकी नौदल वळले आहे.

हेलिकॉप्टरचे इंजिन बंद पडले तरी वर येणाऱ्या हवेने रोटर फिरता ठेवून उतरता येते. जास्त भाराच्या लहान चकत्यांमुळे ऑस्प्रेमध्ये ही सोय नावापुरतीच आहे. त्याची भिस्त दोन्ही रोटरांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर असते, ज्यामुळे एक इंजिन दोन्ही रोटर फिरवू शकते.

या सगळ्यावरून टिल्टरोटर निरुपयोगी आहे असा अर्थ कोणी काढू नये. श्री विजयपुरमहून (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) ग्रेट निकोबारकडे जखमी नौसैनिकाला आणण्यासाठी निघायचे असेल, तर सुमारे पाचशे किलोमीटरच्या त्या अंतराला हेलिकॉप्टर पावणेदोन तास घेईल आणि टिल्टरोटर एक तास. समुद्रसपाटीची दाट हवा आणि लांब पल्ला या दोन्ही गोष्टी त्याला मानवतात, आणि आपल्या नौदलाने त्याचा विचार करावा असे मला मनापासून वाटते. हिमालयात मात्र वरच्या सूत्रातली घनताच बदलते. सहा हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम ५४ टक्के दाट असते, त्यामुळे तेवढ्याच वजनासाठी लागणारी शक्ती आदर्श स्थितीतही ३६ टक्क्यांनी वाढते, आणि त्याच विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते. चीता ज्या फ्रेंच लामा हेलिकॉप्टरची भारतात बनलेली आवृत्ती आहे, त्या लामाने १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंची गाठली होती, ती याच कमी भाराच्या जोरावर.

व्ही-२८० मध्ये इंजिने आडवीच राहतात आणि केवळ रोटर झुकतात, ही सुधारणा महत्त्वाची आहे. त्याच्यासाठी अमेरिकी लष्कराने घातलेली तरंगण्याची अट ६,००० फूट उंची आणि ३५ अंश सेल्सिअस तापमानाची आहे. तिथे हवेची घनता घनमीटरला सुमारे ०.९२ किलो असते. सियाचिनच्या आपल्या सर्वांत उंच चौक्या ६,००० मीटरच्या वर आहेत, आणि तिथे ती ०.६६ किलोपेक्षाही कमी भरते.