चोर्ल्याच्या देवगांडुळाची भावकी

आमच्या आजोबांच्या फडताळात एक दगडासारखा कठीण तुकडा असायचा. बाहेरून काळपट, आतून हस्तिदंतासारखा पांढरा. घरात कुणाचं पोट बिघडलं, की ते सहाणेवर त्याचे दोन-चार वेढे उगाळून चाटवायचे. त्याला ते जहरी नारळ म्हणत. दाराशी येणाऱ्या फकिराच्या हातातला होडीसारखा काळा कटोरा याच फळाचा, काही साधूंचा कमंडलूही याचाच, असं ते सांगत. झाड कुठे असतं विचारलं, की उत्तर यायचं, "दर्यात."

हे उत्तर फार जुनं आहे. ही जुळ्या नारळासारखी फळं मालदीवच्या वाळूवर वाहून यायची. झाड कुणी पाहिलेलंच नव्हतं, म्हणून ते समुद्राच्या तळाशी वाढत असावं असा शतकानुशतकं समज होता. १७६८ साली एका फ्रेंच मोहिमेला सेशेल्समधल्या प्रास्लिन बेटावर ही झाडं सापडली आणि कोडं सुटलं. ताजं, जिवंत बी असलेलं फळ इतकं जड असतं की पाण्यात बुडतं. आतला गर कुजून ते पोकळ झालं, तरच तरंगतं. म्हणजे लाटांनी किनाऱ्याला लावलेलं प्रत्येक फळ मेलेलं होतं. (औषधाच्या दुकानात आला तो पांढरा गर पुढे जहाजांनी आणलेल्या फळांचा.) या झाडाला समुद्र ओलांडता येत नाही. मग ते समुद्राच्या मधोमध असलेल्या बेटावर पोहोचलं कसं?

हाच प्रश्न पाठीला बांधून मी सेशेल्सला गेले. एकटीच, एका सॅकमध्ये मावेल तेवढं सामान घेऊन. सेशेल्स म्हणजे शंभराहून अधिक बेटांचा देश, बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूरपासून समुद्रावरून सुमारे तीन हजार किलोमीटर. तिथे तंबू ठोकायला बंदी आहे, त्यामुळे पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणाऱ्यालाही रात्री कुणाच्या तरी घरातली खोली घ्यावी लागते आणि ती स्वस्त नसते. पैसे वाचवायचे ते बसने फिरून आणि पायी चालून. एकटं चालण्याचा फायदा मात्र मोठा आहे. बोलायला कुणी नसलं, की कान आणि डोळे जमिनीजवळ राहतात, आणि मला जे भेटलं ते जमिनीवरच भेटलं.

आधी तो नारळ. प्रास्लिनवरच्या व्हॅले द मे या जंगलात शिरलं, की डोक्यावर पंख्यासारख्या पानांचं छत येतं. एकेक पान खोलीच्या छपराएवढं. वारा आला की ती पानं एकमेकांवर आपटतात आणि पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज होतो. नर झाड वेगळं, मादी वेगळी. फळ पिकायला सहा-सात वर्षं लागतात. आतलं बी वनस्पतिजगातलं सगळ्यात जड, मोठं असेल तर वीस किलोच्या आसपास भरतं. तिथली माती निकस आहे, पण झाडाने तोड काढली आहे: पानांच्या पन्हळी झालेल्या असतात, आणि पावसाचं पाणी, परागकण, पाखरांची विष्ठा हे सगळं त्यांतून नेमकं स्वतःच्या बुंध्याशी उतरतं. आपल्याकडे सुपारीला अळं करून खत घालतात, ते काम हे झाड स्वतः करतं.

पायाखालचा दगड पाहून मात्र मी थबकले. बेळगावच्या माणसाला काळ्या पाषाणाची सवय. लाव्हा थिजून झालेला तो बेसाल्ट आमच्या विहिरींत आहे, देवळांत आहे, घरांच्या जोत्यात आहे. महासागराच्या मधोमध असलेली बेटंही बहुधा अशीच ज्वालामुखीची असतात किंवा प्रवाळाची. इथे मात्र करडा-गुलाबी ग्रॅनाइट होता, हत्ती बसावेत तसे त्याचे गोल दगड किनाऱ्यावर पडलेले. ग्रॅनाइट खंडांचा दगड आहे. माहे बेटावरचा ग्रॅनाइट सुमारे ७५ कोटी वर्षांचा आहे, आणि त्याच्या वयाचे, त्याच्याशी नातं सांगणारे खडक राजस्थानात मालाणी भागात आहेत. ही बेटं समुद्रातून वर आलेली नाहीत, एका खंडाचा मोडून मागे राहिलेला तुकडा आहेत. नारळ बेटावर गेला नसावा. नारळाच्या पूर्वजांसकट जमीनच बेट झाली असावी.

हे मी वाचून गेले होते. पटलं ते माहेच्या डोंगरात. चहाच्या मळ्याजवळून मोर्न ब्लां या ६६७ मीटर उंचीच्या डोंगराची वाट वर जाते. चढ उभा, वाट ओली, झाडांना शेवाळ लोंबतंय, धुकं अंगाला लागतंय. आमच्याकडच्या घाटमाथ्यावरच्या, पावसाळ्यातल्या कणकुंबीची आठवण यावी असं. पानांच्या थरातून किड्यासारखी बारीक शीळ येत होती. शीळ घालणारा होता एक बेडूक, गार्डिनरचा बेडूक, पूर्ण वाढलेला असूनही जेमतेम एक सेंटिमीटर लांब. त्याला मधला कान नाही, कानाचा पडदाही नाही. म्हणजे तो बहिरा असायला हवा, पण दुसऱ्या नराची हाक त्याला ऐकू येते आणि तो उत्तर देतो. २०१३ साली क्ष-किरणांच्या साह्याने त्याची रचना तपासली, तेव्हा कळलं की त्याची तोंडाची पोकळी त्या सुरासाठी घुमटासारखी काम करते. तो तोंडाने ऐकतो.

उतरताना पावसाची सर आली. ती थांबल्यावर वाटेवर एक वीतभर लांब, काळसर, ओलं काहीतरी सरकताना दिसलं. पहिल्यांदा वाटलं गांडूळ. पण गांडूळ अंग आखडून-ताणून चालतं, हे सापासारखं वळत होतं. अंगावर कड्या होत्या, पण खवला एकही दिसेना. मी पालथी पडून पाहिलं. टोकाला तोंड होतं, जबडा होता, आणि डोळ्याच्या जागी कातडीखाली नुसता एक ठिपका.

मी हे आधी पाहिलं होतं, आत्तीच्या परसात, खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला.

आपल्याकडे याला देवगांडूळ म्हणतात. नावात गांडूळ असलं तरी त्याला कणा आहे, कवटी आहे, दात आहेत. ते बेडकाचं नातेवाईक आहे, बिनपायांचा उभयचर. सारं आयुष्य मातीत गेल्यामुळे डोळे जवळजवळ निकामी झाले आहेत. त्यांच्या बदल्यात डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये एक बारीक स्पर्शिका आली आहे. ती बाहेर काढून देवगांडूळ मातीचा वास-चव घेत वाट काढतं. असा अवयव दुसऱ्या कुठल्याही उभयचराला नाही. आपल्या सह्याद्रीतल्या काही जातींची मादी ओल्या मातीत अंडी घालते आणि त्यांना वेटोळं घालून राखते. त्यांच्यात मधली बेडूकमाशासारखी अवस्था नाही, अंड्यातून थेट छोटी देवगांडुळं निघतात.

आता मीठ. लोणच्याच्या कैरीला मीठ लावून ठेवलं, की तासाभरात तिला पाणी सुटतं. उभयचराची कातडी पातळ आणि पाणी आरपार जाऊ देणारी असते. समुद्रात पडला तर त्याची गत त्या कैरीसारखी होते. चार्ल्स डार्विननेही हे हेरलं होतं: भर महासागरातल्या बेटांवर पक्षी असतात, कीटक असतात, बेडूक मात्र सहसा नसतात. अपवाद आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. सेशेल्समधल्याच एका झाडबेडकाचे पूर्वज मादागास्करकडून ओंडक्याबिंडक्यावर बसून वाहत आले असावेत. पण मातीत पुरून राहणाऱ्या, आंधळ्या, मिठाने मरणाऱ्या देवगांडुळांच्या अनेक जाती या बेटांवर आहेत. त्या सगळ्या पोहून आल्या असं म्हणणं अवघड आहे. आणि जनुकांची तुलना केली तर त्यांचं कूळ निघतं ते सह्याद्रीच्या काही देवगांडुळांचं. खंडाळ्याची एक जात याच कुळातली, आमच्या चोर्ल्याची याच कुळातली. आणखी दोन दूरच्या फांद्या इथिओपिया आणि कॅमेरूनमध्ये आहेत.

हे कसं घडलं ते आता सांगता येतं. भारत, मादागास्कर, सेशेल्स, आफ्रिका हे एकाच मोठ्या भूखंडाचे भाग होते. आफ्रिकेपासून आपण आधीच सुटलो होतो. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर मागे राहिलं. भारत आणि सेशेल्स एकत्र उत्तरेकडे सरकत राहिले, चहूबाजूंनी समुद्र. म्हणजे भारत स्वतःच तेव्हा एक बेट होतं. ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खन फुटलं आणि लाव्हाचे थरावर थर साचले. त्या लाव्हाची दक्षिणेकडची कड आमच्या बेळगावाच्या आसपास येऊन संपते. त्यानंतर लवकरच, ६.३ ते ६.४ कोटी वर्षांपूर्वी, सेशेल्स भारतापासून तुटलं. सेशेल्समधल्या सिल्हूट बेटावर याच सुमाराचे अग्निजन्य खडक आहेत, ती त्या फाटाफुटीची खूण. मधल्या भेगेतून समुद्राच्या तळाला नवा दगड भरत गेला, अजून भरतो आहे. भारत पुढे गेला आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकला. सेशेल्स मागे राहिलं, त्याचा बराचसा भाग पाण्याखाली गेला आणि उंच माथे तेवढे बेटं म्हणून उरले.

त्या माथ्यांवर देवगांडुळं राहिली, आणि गार्डिनरच्या बेडकाचं घराणंही राहिलं. या घराण्याचा सगळ्यात जवळचा जिवंत नातलग २००३ साली जगापुढे आला तो केरळमध्ये. जांभळा, फुगीर, टोकदार नाकाचा तो बेडूक वर्षभर जमिनीखाली राहतो आणि पावसाच्या तोंडावर थोडेच दिवस वर येतो. एक बोटाच्या पेराहून लहान, दुसरा मुठीएवढा. दोघांना शेजारी ठेवलं तर कुणी भाऊ म्हणणार नाही.

आमच्या भागात ही गोष्ट समजावायला वेळ लागत नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन रेषा आखली गेली. मामा चंदगडला महाराष्ट्रात, आत्ती खानापूर तालुक्यात कर्नाटकात, आणि मावशी त्याहून जुन्या रेषेपलीकडे, घाट उतरून गोव्यात. लग्नाकार्याला, गणपतीला सगळे एका घरात. देवगांडुळांचंही तसंच आहे. २००७ साली चोर्ला गावातून एका नव्या जातीची नोंद झाली. गाव बेळगाव जिल्ह्यातलं, पण जातीला नाव मिळालं म्हादई नदीचं. त्याच वर्षी घाटाखाली, गोव्यातल्या केरीतून दुसरी जात नोंदवली गेली, ती गोव्याच्या नावाने. त्या सड्यांवरून आणि रानांतून आम्ही पिढ्यान्पिढ्या चाललो आहोत. ही जनावरं पायाखाली होती, आणि शास्त्राच्या वहीत त्यांचं नाव चढायला २००७ साल उजाडावं लागलं, याची मला अजून रुखरुख वाटते.

सेशेल्समध्ये मी पंधरा दिवस होते. भर दुपारी बाजारावरून उडणारी मोठाली वटवाघळं पाहिली. मान खाजवली की पाय ताठ करून उभी राहणारी अडीचशे किलोची कासवं पाहिली. लोक त्यासाठीच जातात आणि जावं. पण परतीच्या विमानात माझ्या डोक्यात परसातली माती होती.

देवगांडूळ आपल्याकडे मरतं ते बहुतेक साप समजून. बागेत खणताना दिसलं, की कुदळीचा एक घाव. माणसाला त्याचा काही त्रास नाही. ते गांडुळं, वाळवी, मातीतले किडे खातं. पालापाचोळा जाळला, जमीन उघडी पडून तापली, किंवा मातीत कीटकनाशक उतरलं, की त्याचं घरच जातं. कातडी जसं पाणी आत-बाहेर जाऊ देते, तसंच विषही जाऊ देते.

गेल्या पावसाळ्यात आत्तीकडे सुपारीच्या अळ्यांना माती लावायची होती. तिसऱ्या-चौथ्या झाडाशी ओला पाला उपसला आणि ते दिसलं. तांबूस-जांभळं, बोटाएवढ्या जाडीचंही नाही. जात कोणती हे नुसतं बघून सांगता येत नाही, त्यासाठी अंगावरच्या कड्या मोजाव्या लागतात. आत्तीची कुदळ वर गेली होती. मी हात धरला.

"साप न्हवं, गांडूळ न्हवं, मग काय गं पोरी हे?"

मी सांगितलं, सगळं, नारळापासून. तिने अर्धवट ऐकलं, कारण पाऊस परत धरत होता. पण समुद्रापार याचे पाहुणे आहेत आणि जमीन तुटल्यामुळे ते तिकडे राहिले, एवढं तिच्या कानात गेलं. ती खाली बसली, पदर खोचला, आणि ते सरकून मातीत शिरेपर्यंत बघत राहिली. मग कुदळ बाजूला ठेवून तिने दोन्ही हातांनी पाला परत त्यावर ओढला, आणि पुढच्या अळ्यापासून हातानेच माती लावायला लागली.