गरम खोलीतला योग: वजन खरंच उतरतं का?

दिवाळी झाली की आमच्याकडे फोन सुरू होतात. "गरम खोली चालू झाली का? महिन्यात किती किलो उतरेल?" लग्नसराई तोंडावर आलेली असते आणि कुणीतरी मोबाइलवर घामानं निथळणाऱ्या माणसांचा व्हिडिओ पाहिलेला असतो. नाशिकच्या कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या छोट्या योगवर्गात हिवाळ्यात एक खोली हीटर लावून तापवतो, हे खरं. पण तिची फी भरण्याआधी ती काय देते आणि काय देत नाही हे आपल्याला कळावं, म्हणून हे पत्रक. मुख्य गोष्ट आधीच सांगतो: फक्त वजन उतरवायला येत असाल, तर या खोलीचे जादा पैसे भरू नका. साध्या वर्गाला या.

काट्यावरचे ८०० ग्रॅम

खोलीच्या दारापाशी आम्ही मुद्दाम वजनकाटा ठेवला आहे. गेल्या हिवाळ्यात इंदिरानगरहून येणाऱ्या एक ताई वर्गाआधी त्यावर उभ्या राहिल्या. ६८.४ किलो. तासाभरानं अंग पुसून, कोरडे कपडे घालून पुन्हा उभ्या राहिल्या, तर ६७.६. चेहरा एकदम खुलला. आम्ही त्यांना बाकड्यावर बसवलं, तांब्याभर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोट घोट प्यायला दिलं आणि पाऊण तासानं परत काट्यावर उभं केलं. ६८.३. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांनी घामाचा हिशेब सोडला.

गेलं होतं ते पाणी. घाम म्हणजे वितळलेली चरबी नव्हे. अंग तापलं की ते थंड ठेवायला शरीर कातडीवर पाणी सोडतं आणि ते वाळताना उष्णता घेऊन जातं. मे महिन्यात मेन रोडवर दुपारी खरेदीला गेलात तरी एवढाच घाम येतो, म्हणून काही तिथून बारीक होऊन परतत नाही कुणी. गेलेलं पाणी त्याच दिवशी भरून काढायचं असतं. "वजन परत वाढेल" म्हणून वर्गानंतर पाणी न पिणारी माणसं आम्ही पाहिली आहेत. कृपा करून हे करू नका.

मनगटावरच्या घड्याळाचंही तसंच. ते मुख्यतः नाडीवरून कॅलरीचा अंदाज बांधतं. गरम खोलीत रक्त थंड होण्यासाठी कातडीकडे वळतं, म्हणून हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात. स्नायूंनी तेवढं जास्त काम केलेलं नसतं. घड्याळ मात्र ते ठोके व्यायामाच्या खात्यात जमा करतं आणि सातशे-आठशेचा आकडा दाखवतं.

खरा आकडा मोजला गेला आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात ब्रायन ट्रेसी यांच्या चमूनं सरावलेल्या लोकांची ९० मिनिटांच्या गरम वर्गातली ऊर्जा मोजली. पुरुषांची सरासरी साधारण ४६० कॅलरी आली, स्त्रियांची ३३०. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर तेवढाच वेळ झपझप चाललात तरी जवळपास एवढंच होतं, आणि तिथे फी नाही. आता हिशेब करा. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. एखादी बाई आठवड्यातून तीनदा आली तर हजार कॅलरी जातील. खाण्यात काहीही बदल केला नाही, तर एका किलोला जवळपास दोन महिने. तेही दीड तासाच्या वर्गाचं गणित आहे, आमचा वर्ग तासाभराचा आहे. मधल्या एखाद्या रविवारी मिसळीबरोबर दोन पाव जास्त झाले की एका वर्गाच्या कमाईतला मोठा वाटा परत आला.

मग ही खोली कशासाठी?

अंग मोकळं होण्यासाठी. नाशिकची डिसेंबर-जानेवारीची सकाळ आपण जाणताच. पारा दहाच्या आसपास किंवा त्याखाली, गुडघे धरलेले, कंबर लाकडासारखी. अशा वेळी ऊबदार खोलीत स्नायू लवकर सैल होतात, आसनात शिरताना भीती वाटत नाही आणि पहाटे अंथरुणातून उठायची इच्छा होते. हा फायदा आम्ही लहान मानत नाही. जो माणूस थंडीमुळे तीन महिने व्यायाम सोडतो, तो या खोलीमुळे सोडत नाही, आणि नियम टिकणं हीच व्यायामातली सर्वांत अवघड गोष्ट आहे.

ताकद आणि लवचिकपणाही वाढतो. ट्रेसी यांच्याच आधीच्या अभ्यासात तरुण, निरोगी माणसांनी आठ आठवड्यांत २४ वर्ग केले. पाठ, खांदे, मांड्यांची मागची बाजू सैल झाली, वजन उचलायची ताकद वाढली, चरबी किंचितच उतरली. मात्र दमश्वास, म्हणजे हृदय-फुफ्फुसांची क्षमता, वाढली नाही. म्हणून चालणं, सायकल किंवा पोहणं सोडू नका.

हे फायदे उष्णतेचे की आसनांचे, हा खरा प्रश्न. टेक्सासमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चाळीस ते साठ वयाच्या, बैठं काम करणाऱ्या माणसांचे गट केले. एकाने बारा आठवडे तीच आसनं ४०.५ अंशांत केली, दुसऱ्याने २३ अंशांत. रक्तवाहिन्यांची सुधारणा दोन्ही गटांत सारखीच निघाली. आम्हाला हे वाचून आनंद झाला, कारण आपली आसनं आपल्या बळावर उभी आहेत असाच त्याचा अर्थ.

चाळीस अंशांची ही पद्धत रूढ केली ती बिक्रम चौधरी यांनी, कोलकात्याच्या बिष्णुचरण घोष यांच्या शिष्यानं, १९७० च्या दशकात अमेरिकेत जाऊन. २६ आसनं, दोन श्वसनक्रिया, दीड तास, ४० टक्के आर्द्रता. घोष हे परमहंस योगानंदांचे धाकटे बंधू. अमेरिकेतल्या या प्रकाराचं मूळ असं बंगालात आहे.

आम्ही ४० अंश ठेवत नाही. दमट हवेत घाम वाळत नाही, तो नुसता ओघळतो, आणि अंग आतून तापत जातं. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या चाचणीत अशा वर्गात काहींच्या शरीराचं आतलं तापमान १०३ फॅरनहाइटच्या पुढे गेलं. तापात आपण जो आकडा बघून डॉक्टरांकडे धावतो, तो हा. हे लिहिणारी मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या केंद्रात अशा खोलीत पश्चिमोत्तानासन करत होते. अंग इतकं सैल वाटत होतं की कपाळ गुडघ्याच्याही पुढे गेलं. दुसऱ्या दिवशी मांडीच्या मागची शीर, अगदी बसायच्या हाडापाशी, दुखावल्याचं कळलं. चार महिने मांडी घालता येत नव्हती. उष्णतेत दुखण्याची सूचना उशिरा मिळते, म्हणून आमच्या वर्गात शिक्षिका "आणखी थोडं" म्हणत नाहीत, "थोडं मागे या" म्हणतात.

आमची खोली ३२ ते ३४ अंशांवर असते, एक खिडकी किलकिली ठेवून. वर्ग दिवाळीनंतर सुरू होतो आणि महाशिवरात्रीला बंद. नंतर नाशिकचं ऊनच पुरेसं असतं.

कुणी येऊ नये

गर्भवती भगिनींना आम्ही या खोलीत घेत नाही, कितीही आग्रह केला तरी. हृदयविकार असलेल्यांना, पूर्वी ऊन लागून आजारी पडलेल्यांना आणि ताप किंवा जुलाबातून नुकतं उठलेल्यांनाही नाही. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून त्यांची चिठ्ठी आणा. गोळीचं नाव नोंदणीच्या कागदावर लिहा, लाजू नका. साध्या वर्गात हे सगळे आनंदानं येऊ शकतात, फक्त आम्हाला आधी सांगा, म्हणजे आसनं त्याप्रमाणे देता येतात.

वर्गाआधीच्या दोन तासांत पोटभर काही खाऊ नका, पण उपाशीही येऊ नका. एखादं केळं चालेल. दोन तास आधी दोन पेले पाणी. मॅटवर अंथरायला सुती पंचा आणा, घामानं पाय सरकतो. पहिले दहा-बारा दिवस शरीर उष्णतेला सरावत असतं, तेव्हा शेजारच्याकडे बघून ओढाताण करू नका. डोकं दुखलं, मळमळलं, अंधारी आली किंवा घाम अचानक थांबला, तर परवानगी न विचारता सरळ बाहेर या. दाराबाहेर बाकडं आहे, पंखा आहे, माठ आहे आणि एक शिक्षिका तिथेच असते.

पहिला वर्ग विनामूल्य आहे. काट्यावर उभं राहायचं असेल तर आधी, नंतर आणि पाणी प्याल्यावर, असं तीनदा राहा.