टिंग : सभेची झाली वस्तू

डॅनिश शिकणाऱ्याला पहिल्या काही धड्यांतच 'टिंग' हा शब्द भेटतो. 'एन टिंग' म्हणजे एखादी वस्तू. पुढे वर्तमानपत्र वाचायला घेतले की 'एट टिंग' दिसते आणि त्याचा अर्थ निघतो सभा. डेन्मार्कच्या संसदेचे नावच 'फोल्केटिंग', म्हणजे लोकांची सभा. शब्द तोच, बदलले ते व्याकरणातले लिंग. नॉर्वेजियनमध्येही तसेच: 'टिंगेन' ती वस्तू, 'टिंगेट' ती सभा. हा योगायोग नाही. दोन्ही अर्थ एकाच शब्दाच्या पोटातले आहेत आणि त्यांतला सभेचा अर्थ जुना आहे.

मूळ शब्द प्राचीन नॉर्समधला, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतला, 'थिंग'. आइसलँडिकने त्यातला 'थ' आजतागायत जपला, बाकीच्या स्कँडिनेव्हियन भाषांत मध्ययुगाच्या उत्तरार्धात त्याचा 'ट' झाला. त्याच्या नात्यातल्या एका गॉथिक (आता लुप्त झालेल्या जर्मॅनिक भाषेतल्या) शब्दाचा अर्थ 'काळ' असा आहे. त्यामुळे 'थिंग' म्हणजे आधी 'ठरलेली वेळ' आणि मग त्या वेळी जमलेली माणसे, अशी वाटचाल अभ्यासक मांडतात. अजून मागे गेले तर 'ताणणे' या अर्थाच्या धातूशी, म्हणजे संस्कृत 'तन्'च्या कुळाशी, त्याचा संबंध असावा असेही मानले जाते.

ही सभा भरायची उघड्या माळावर. परिसरातले स्वतंत्र शेतकरी ठरल्या दिवशी जमत, खून, जमीन आणि वारशाचे तंटे मांडत, कायदे ठरवत. निर्णय मान्य असेल तर शस्त्रे उंचावून किंवा खणखणवून संमती दिली जाई. गुलामांना मात्र तिथे आवाज नव्हता आणि निर्णयात बायकांना सहसा स्थान नव्हते. लोकशाहीचा उगम म्हणून या सभांचे कौतुक करताना हे विसरता कामा नये.

सर्वांत प्रसिद्ध सभा आइसलँडची. इ. स. ९३०च्या सुमारास थिंगवेत्लिर या ठिकाणी, म्हणजे शब्दशः 'सभेच्या मैदानावर', 'आल्थिंगी' ही साऱ्या बेटाची सभा सुरू झाली. उन्हाळ्यात सुमारे दोन आठवडे ती चाले. देशाला राजा नव्हता आणि सुरुवातीच्या काळात कायदा लिहिलेलाही नव्हता. तो एका माणसाच्या स्मरणात असे. हा कायदे सांगणारा दरवर्षी एक तृतीयांश कायदा मोठ्याने म्हणून दाखवी आणि तीन वर्षांत सगळा कायदा पुरा करी. इ. स. १०००च्या सुमारास ख्रिस्ती धर्म घ्यायचा की नाही यावरून बेट दुभंगायची वेळ आली, तेव्हा निवाडा सोपवला गेला तो थोर्गेइर या कायदे सांगणाऱ्याकडे. तो स्वतः जुन्या देवांना मानणारा होता. एक दिवस आणि एक रात्र तो अंगावर पांघरूण ओढून पडून राहिला, असे जुन्या आइसलँडिक इतिहासात लिहिले आहे. उठल्यावर त्याने सांगितले, सर्वांचा कायदा एकच हवा, आणि धर्मही एकच, ख्रिस्ती. लोकांनी ते मानले. त्या सभेचे वजन किती होते, हे मला या एका प्रसंगातून सर्वांत स्पष्ट दिसते.

मग सभेची वस्तू कशी झाली? सभेत जे मांडले जाई तेही 'थिंग'च म्हटले जाऊ लागले: प्रकरण, बाब. न्यायापुढची बाब हळूहळू कुठलीही बाब झाली आणि शेवटी हातात धरता येईल अशी वस्तू. इंग्रजीतला 'थिंग' आणि जर्मनमधला 'डिंग' याच वाटेने आले. स्वीडिशमध्ये रोजच्या बोलण्यात वस्तूला 'साक' म्हणतात आणि तोही मुळात आरोप किंवा खटला या अर्थाचा शब्द. आइसलँडिकमध्ये मात्र 'थिंग' म्हणजे प्रामुख्याने सभाच. वस्तूसाठी तिथे 'ह्लुतुर' हा वेगळा शब्द आहे, ज्याचा जुना अर्थ 'वाटा'.

मराठी वाचकाला हे परके वाटायचे कारण नाही. आपली 'गोष्ट' संस्कृत 'गोष्ठी'पासून आली, आणि गोष्ठी म्हणजे जमलेली मंडळी, त्यांचे बोलणे. त्याच्याही मागे 'गोष्ठ', गाईंचा गोठा. जमण्याची जागा, जमलेले लोक, त्यांचे बोलणे, बोलण्याचा विषय, मग कुठलीही बाब: 'एक गोष्ट लक्षात ठेव' म्हणताना आपण हा सगळा प्रवास एका दमात करतो. एकमेकांशी संपर्क नसलेल्या दोन समाजांत शब्द अशा एकाच चालीने चालावेत, याचे मला फार अप्रूप वाटते.

आजच्या संसदांची नावे मात्र सगळीच सलग चालत आलेली नाहीत. नॉर्वेने १८१४च्या राज्यघटनेत 'स्टोरटिंग', म्हणजे मोठी सभा, हे नाव घेतले. डेन्मार्कने १८४९च्या घटनेत 'फोल्केटिंग' आणले. आल्थिंगी १८००मध्ये बंद झाली होती. तिची पुनर्स्थापना १८४३च्या फर्मानाने झाली आणि १८४५पासून ती रेक्याविकमध्ये भरू लागली. जुना शब्द मुद्दाम उचलला गेला, कारण त्यामुळे नव्या संस्थेला पूर्वजांचा आधार मिळत होता. स्वीडनने संसदेसाठी 'रिक्सडाग' ठेवले, पण तिथली खालची न्यायालये आजही 'टिंग्सरेट' आहेत. उत्तरेकडच्या सामी लोकांच्या भाषेत हाच शब्द 'दिग्गी' होऊन गेला आणि १९८९मध्ये नॉर्वेत त्यांची स्वतःची निवडून दिलेली सभा उभी राहिली, तेव्हा तिचे नाव झाले 'सामेदिग्गी'.

व्हायकिंगांसोबत शब्द समुद्रापलीकडेही गेला. स्कॉटलंडमधले डिंगवॉल, शेटलंडमधले टिंगवॉल ही सगळी थिंगवेत्लिरचीच भावंडे. ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या मॅन बेटाची संसद 'टिनवाल्ड' हेही त्याच घरातले नाव. त्या बेटावरची नॉर्स सत्ता १२६६मध्ये संपली आणि नॉर्स बोलणारेही उरले नाहीत. तरीही दरवर्षी साधारण ५ जुलैला सेंट जॉन्स गावातल्या हिरव्या टेकडीवर सभा भरते आणि वर्षभरातल्या नव्या कायद्यांचा सारांश इंग्रजीत आणि मॅन्क्स भाषेत, उघड्यावर जमलेल्या लोकांपुढे, मोठ्याने वाचला जातो.